पुरातून निघालेल्या गाडीला किक मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात पूरपूर्व तयारीची यादी आली होती. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, औषधं जवळ, जनावरं वेळेत हलवा, गॅसचा कॉक बंद करा, मेन स्विच पाडा. यादी चांगली आहे, कापून दाराच्या मागं चिकटवली आहे. पण तीत मोटारसायकलचं नावसुद्धा नाही. आमच्या सांगलीवाडीत दारात गाडी नाही असं घर शोधावं लागेल. पाणी चढायला लागलं की टीव्ही माळ्यावर जातो, गाद्या कुणाच्या तरी गच्चीवर जातात आणि गाडी जिन्याखाली तशीच राहते. पाणी उतरल्यावर कामावर जायला, दूध घालायला, औषध आणायला पहिली गरज तिचीच पडते.

मी कुपवाड एमआयडीसीत फिटर होतो, आता निवृत्त आहे. गॅरेज हा माझा धंदा नाही. पण हातात पाना धरणारा माणूस गल्लीत असला की पुरानंतर लोक गाड्या ढकलत त्याच्याच दारात आणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावरून अंदाज करा. तेव्हा आणि पुन्हा २०२१ ला जे पाहिलं ते लिहितो.

बुडालेली गाडी पाण्यानं सहसा मरत नाही. ती मरते पाणी उतरल्यावर, मालकाच्या हातून. माणूस घरी येतो, राडा बघून आधीच हवालदिल झालेला असतो. गाडीवर बादलीभर पाणी ओततो आणि किक मारतो. किक दगडासारखी घट्ट लागते. मग दोघं-तिघं मिळून दुसऱ्या गिअरमध्ये ढकलस्टार्ट करतात. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्यानं तर बुडालेली गाडी दोरीनं दुसऱ्या गाडीला बांधून ओढून चालू करायचा कारखानाच काढला होता, आणि त्याचे पैसेही घेतले.

यात होतं काय, तर पिस्टन वर येताना वरची हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना मागचं चाक जोरानं फिरवलं की सगळा जोर पिस्टनखालच्या कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. नाही वाकला तरी पुराच्या पाण्यात कृष्णेचा गाळ असतो, तो पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, यांच्या मध्ये घासतो. बोअरला रेघा पडल्या की गाडी आयुष्यभर तेल खाते आणि धूर मारते. मग इंजिनकाम, म्हणजे हजारांतला खर्च. हे सगळं ज्यामुळं टळतं तो प्लगचा पाना पूर्वी गाडीच्या टूलकिटमध्येच यायचा. बऱ्याच जणांचा तो अजून सीटखाली न उघडलेल्या पिशवीत असेल.

तर क्रम असा. किल्ली फिरवायची नाही. आधी गाडीवर पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती खूण दिसेल असे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काही मिळत नाही, पूर्ण विमा असेल तर मिळतं. मात्र पाणी गेलेली गाडी तुम्ही चालू करायला गेलात आणि त्यातून इंजिन बसलं, तर ते नुकसान कंपनी नाकारू शकते. सर्व्हेअरची वाट बघत असलात तरी गाळ वाळू देऊ नका. फोटो झाले की साध्या नळाच्या पाण्यानं धुऊन काढा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, त्यानं गाळ बेअरिंगांत आणखी आत बसतो.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ती आधी, पॉझिटिव्ह नंतर. एअर फिल्टरचा डबा उघडा, त्याच्या तळाला ड्रेनची छोटी नळी असते तिचं बूच काढून पाणी सोडा. कागदी फिल्टर भिजला असेल तर फेकून द्या, वाळवून परत घालू नका. प्लग काढा. आणि मग खाली भांडं ठेवून इंजिनचा ड्रेन बोल्ट सैल करा.

इथं जरा थांबून नीट बघायचं. तेल हलकं, पाणी जड. गाडी उभीच राहिली असेल, कुणी हात लावला नसेल, तर आधी पाणी येतं, गढूळ, तपकिरी. धार थोडी अडखळते आणि मागून काळं तेल येतं. दोन्ही वेगवेगळं. किक मारून झाली असेल तर पाणी आणि तेल घुसळून एक होतं आणि दुधाच्या चहासारखं घट्ट, फिकट काहीतरी बाहेर येतं. आमच्या गल्लीतला दूध घालणारा एक पोरगा शपथेवर सांगत होता, "काका, किकला पायसुद्धा लावला नाही." मी बोल्ट सैल केला, भांड्यात चहा आला. त्याची आई शेजारीच उभी होती, पुढचं तिनं बघून घेतलं. त्या गाडीचं बोअर वाचलं, पण तेल बदलता बदलता नाकी नऊ आले.

तेल गळून गेलं की प्लग बाहेरच ठेवून किक हातानं, सावकाश दाबायची. प्लगच्या भोकातून पाण्याची चूळ उडते, तोंड बाजूला ठेवा. चूळ थांबली की त्या भोकातून थोडं स्वच्छ इंजिन तेल सोडायचं आणि पुन्हा सावकाश किक, म्हणजे बोअरला तेल लागतं. मग पेट्रोल. टाकी पूर्ण रिकामी करा. पूर्वी आम्ही पेट्रोल बाटलीत निवळत ठेवायचो आणि वरचं परत वापरायचो. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाण्यासकट तळाला बसतं, म्हणजे वर राहतं तेही पूर्वीचं पेट्रोल नसतं. हा जुना उपाय सोडा. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वाटीखाली एक ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून वाटी मोकळी करा. गाळ गेला असेल तर वाटी उघडून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, साफ करावेच लागतात. ज्याला येत नाही त्यानं एवढं काम मिस्त्रीकडे न्यावं, त्यात कमीपणा नाही.

आता ड्रेन बोल्ट, प्लग आणि बॅटरी परत जागेवर लावा आणि नवीन तेल घाला. स्वस्तातलं चालेल, कारण हे तेल धुवायपुरतंच आहे, पण मोटारसायकलचंच हवं, डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारचं तेल घातलं तर क्लच घसरायला लागतो. इंजिन दोन-चार मिनिटं मंद चालवा, रेस करू नका, बंद करून तेल काढा. अजून फिकट दिसलं तर पुन्हा. तेलाचा कागदी फिल्टर असलेल्या गाडीत तोही बदला. ड्रेन बोल्ट लावताना जोर दाखवू नका. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की वेगळंच दुखणं मागं लागतं.

इंजिन चालू झालं की लोक निघतात, आणि ब्रेक विसरतात. ड्रममध्ये चिखल वाळलेला असतो. चाक काढून ड्रम आणि लायनर ब्रशनं साफ करा, लायनरला तेलाचा हात लागू देऊ नका, वाळलेली धूळ तोंडानं फुंकू नका. चेन डिझेलनं धुवा (रॉकेल आता कुठं मिळतंय?), पुसा, नव्वद नंबरचं गिअर तेल सोडा. मेन स्टँडवर गाडी चालू ठेवून, गिअर टाकून चेनला चिंधी लावणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. चिंधीबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये जायला क्षण लागत नाही. चाक हातानं फिरवा. चेन उघडलीच तर लॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन फिरते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागं. उलटी बसवली तर क्लिप निघून चेन रस्त्यात पडते. हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) आणि चाकांची बेअरिंगं पंधरवड्यानं एकदा तपासा, गंज तेवढ्यात बोलायला लागतो.

हे सगळं कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांचं झालं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, पेट्रोलचा पंप टाकीत आहे आणि सगळा कारभार ईसीयूच्या, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाच्या हातात आहे. त्या गाडीची बॅटरी सोडवा, बाहेरून धुवा, तेल काढा, प्लग काढा, पुढं वर्कशॉप. कनेक्टर ओले असताना किल्ली फिरवून बघायचा मोह तिथं सगळ्यात महाग पडतो.

पाणी यायच्या आधीचंही थोडं सांगतो. इशारा पातळी ४० फुटांची आहे, ती गाठली की गाडी उंचावर नेऊन लावा. धोक्याची पातळी जाहीर होईपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टरची गर्दी झालेली असते. नेता आलीच नाही तर पेट्रोलचा कॉक बंद, बॅटरी काढून माळ्यावर, सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा आणि वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून, आणि गाडी खांबाला दोरीनं जखडून ठेवा. पाणी तरीही आत जाईल, पण गाळ कमी जाईल आणि गाडी तिसऱ्या गल्लीत सापडणार नाही. चेसिस नंबर एका कागदावर लिहून आरसी बुकाबरोबर ठेवा.

आपण यादी पुन्हा छापाल तेव्हा यातल्या निदान दोन ओळी घ्याव्यात. आणखी एक सूचना, ती जिल्हा प्रशासनापर्यंत आपल्यामार्फत पोचावी. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड आहे. पाणी ओसरल्यावर त्या मुलांना शिक्षकांसह हत्यारं देऊन पूरग्रस्त गल्ल्यांत पाठवलं, तर त्यांचं प्रात्यक्षिक होईल आणि लोकांच्या गाड्या दोरीनं ओढायच्या थांबतील. डिझेल, चिंध्या आणि काढलेलं तेल साठवायला कॅन आम्ही गल्लीवाले देऊ. ते तेल गटारात ओतलं तर शेवटी नदीतच जातं, म्हणून कॅन आधी मांडून ठेवू.

आपला,
एक निवृत्त फिटर, सांगलीवाडी