उताऱ्यावर नाव नाही, तर डंका बसवायचा कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च आला की महिलांसाठीच्या कर्ज-अनुदान योजनांची यादी आपल्याकडे छापून येते. यादी खोटी नाही. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावातल्या बाईला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे आणि तिने स्वतःचे 5 टक्केच घालायचे. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणीही फुकट (फॉर्म भरून देणारा आमच्याकडे तीनशे घेतो, ते सोडा). माझं गाडं अडलं ते भलतीकडेच.

मी चटणी-मसाला करून विकते. मिरची कांडायला डंका, म्हणजे कांडणयंत्र, घ्यायचा होता. बँकेच्या साहेबांनी कोटेशन पाहिलं, प्रोजेक्ट रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "जागा कुणाच्या नावावर?" घराच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव. डंक्याची मोटर थ्री-फेजवर चालणारी, तशी वीज घ्यायच्या अर्जालाही घरमालकाची संमती. सासरे धाकट्या दिरांकडे पुण्यात. ते नाही म्हणाले नाहीत, "बघू" म्हणाले. त्यांचं बघून होईपर्यंत फेब्रुवारीचा मे झाला. चटणीचा हंगाम तेवढाच असतो. पाऊस पडल्यावर मिरची वाळवणार कोण? आणि सही मिळाली असती, तरी ठसक्यापायी शेजारी भांडायला आलेच असते. त्यांचंही खरंच आहे म्हणा.

महिलेच्या नावावर घर घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण ती नवं घर घेणारीला. जुन्या घरात नांदणारीला तिचा काय उपयोग?

लिज्जत पापडाचं उदाहरण भाषणांत हमखास येतं: 1959, गिरगाव, सात बायका, उसने 80 रुपये. पण पहिले पापड लाटले ते राहत्या इमारतीच्या गच्चीवर, हे कुणी सांगत नाही. पुढे काम वाढलं तेव्हाही पीठ मळायचं केंद्रावर. बायका ते घरी नेऊन लाटायच्या आणि पापड परत आणून द्यायच्या. घरी लागायचं पोळपाट-लाटणं आणि वाळवायला हातभर जागा. डंक्याचं तेवढ्यावर भागत नाही.

आमच्या गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्या कुलूप लावून पडल्या आहेत, वस्तीपासून लांब. ग्रामपंचायतीने तिथे थ्री-फेज मीटर घ्यावा, डंका आणि पिठाची चक्की बसवावी आणि तासावर भाडं लावावं. यंत्र गावाचं, मीटर पंचायतीचा. मग उतारा मागायचं कारणच उरत नाही. आमच्या गटातल्या अकरा जणी भाडं आगाऊ भरायला तयार आहेत. तसा अर्ज ग्रामसभेत दोनदा दिला. दोन्ही वेळा तो "पुढील सभेत" गेला.

— एक गृहउद्योजिका, ता. सांगोला, जि. सोलापूर