तांदूळ आहे, पण त्यावर घालायला काही नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गोव्यातील फोंडा तालुक्यात आम्ही काही जण मिळून एक लहानशी धान्य बँक चालवतो. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदी सुरू असताना कामगारांच्या खोल्यांपर्यंत शिधा पोहोचवण्यासाठी आम्ही एकत्र आलो. टाळेबंदी उठल्यावर काम संपेल असे तेव्हा आम्हा सर्वांनाच वाटले होते, परंतु ते संपले नाही; उलट गेल्या तीन वर्षांत दारात येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत गेली आणि मिळणारा पैसा आटत गेला. आज हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, सुरुवातीपासून आम्हाला मदत करणाऱ्या एका देणगीदारांनी यंदा मदत थांबवली. सरकार आता रेशनवर धान्य मोफत देत असल्याने या कामाची गरज उरलेली नाही, असे त्यांनी सौजन्याने कळवले. हा समज त्यांच्या एकट्याचा नाही. तो मी अनेक सुशिक्षित आणि सहृदय माणसांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर आपल्या वृत्तपत्रातून द्यावेसे वाटले.

मोफत धान्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 नुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कार्डधारक कुटुंबाला एकूण 35 किलो मिळते. महामारीच्या काळात प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी आणखी 5 किलो धान्य फुकट मिळू लागले, आणि 2020 मधील पहिले काही महिने कुटुंबामागे 1 किलो डाळ किंवा चणेही मिळत होते. हे जादा धान्य डिसेंबर 2022 अखेर बंद झाले. जानेवारी 2023 पासून मूळचे 5 किलो मोफत झाले आणि पुढे ही मोफत योजना 1 जानेवारी 2024 पासून पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. बातमीत ‘मोफत’ हा शब्द ठळक राहिला. पण पाच माणसांच्या ज्या घरात महिन्याला 50 किलो धान्य येत होते, त्या घरात आता 25 किलो येते. किलोमागे वाचलेल्या 3 रुपयांनी ही तूट भरून निघत नाही. माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. सकाळी पेज आणि दुपारी शीत (भात) एवढेच ज्याचे मुख्य अन्न आहे, त्या अंगमेहनतीच्या माणसाला हे किती दिवस पुरेल, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे.

तरीही आमच्याकडे येणारे बहुतेक जण तांदूळ मागत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक वृद्ध विधवा पिशवी घेऊन आल्या होत्या. मी सवयीने तांदळाच्या पोत्याकडे वळले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाये, तांदूळ आसात, पूण शिता वयर घालपाक कितेंच ना.” हे वाक्य मी विसरू शकलेले नाही, कारण आमच्या कामाची सारी अडचण त्यात आली आहे. तूरडाळ, खाद्यतेल, मीठ-मिरची, साखर, चहा आणि सिलिंडर यांतले काहीही रेशनच्या मोफत धान्यात येत नाही. 2023 आणि 2024 मध्ये तूरडाळ किलोला दीडशे रुपयांच्या पुढे गेली, तेव्हा आमच्या एका पिशवीत 2 किलोऐवजी 1 किलो डाळ घालण्याची वेळ आली. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले गेले आणि तेलाचे भाव चढले. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क कमी झाले खरे, पण आमच्या खरेदीच्या वहीतला आकडा पूर्वीच्या जागी आला नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटांतील डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हापासून आम्ही शक्य तेथे मोठी पोती घेतो आणि स्वयंसेवक शनिवारी बसून ती निवडून, मापून पुड्या बांधतात. एवढी काटकसर करूनही पूर्वीच्या रकमेत पूर्वीइतक्या पिशव्या भरत नाहीत.

हा झाला कार्ड असलेल्यांचा प्रश्न. कार्ड नसलेल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि आमच्या रांगेत त्यांचे प्रमाण मोठे आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली किती माणसांना धान्य द्यायचे याची मर्यादा आजही 2011 च्या जनगणनेवर ठरलेली आहे. तेव्हा गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती. 2021 मध्ये व्हायची जनगणना लांबली आणि यादीची मर्यादा तेथेच थांबली. कुंडई, बेतोडा, मडकई येथील औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारी, इमारतींच्या कामांवर राबणारी, कर्नाटक, झारखंड, ओडिशा, बिहार येथून आलेली कुटुंबे एका खोलीत राहतात. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही. करार नाही म्हणून रहिवासाचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून येथले कार्ड नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेत गोवा 1 जानेवारी 2020 पासून सामील आहे. गावाकडचे कार्ड असलेला कामगार आपल्या वाट्याचे धान्य येथील रास्त भावाच्या दुकानातून उचलू शकतो आणि घरच्यांचा वाटा गावीच ठेवू शकतो. ही गोष्ट किती कामगारांना ठाऊक आहे? आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही पिशवी देण्याआधी हेच विचारतो, आणि बहुतेक वेळा तो आश्चर्याने आमच्या तोंडाकडे पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2021 रोजी स्थलांतरित कामगारांना कोरडा शिधा देण्याविषयी आदेश दिला आणि 20 एप्रिल 2023 रोजी असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद असूनही रेशन कार्ड नसलेल्या कामगारांना कार्डे देण्यास राज्यांना सांगितले. न्यायालयाने ज्याला हक्क म्हटले, त्यासाठी माणसाला आमच्यासारख्यांच्या दारात उभे राहावे लागू नये.

परप्रांतीयांना आम्ही का देतो, असाही प्रश्न आम्हाला येतो, कधी कधी कठोर शब्दांत येतो. ज्याच्या हाताने आपल्या घराचा स्लॅब घातला जातो, त्याचे मूल संध्याकाळी उपाशी झोपू नये, यापलीकडे मला त्यावर काही सांगता येत नाही.

आणि रांगेत उभी असलेली सारीच माणसे बाहेरची नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर 16 मार्च 2018 पासून खाणी थांबल्या. त्याआधी 2012 मध्ये एकदा त्या थांबल्या होत्याच. ज्यांच्या दारात एकेकाळी खनिज वाहणारे दोन-दोन ट्रक उभे असत, त्या घरांतील माणसे आमच्याकडे दिवस मावळल्यावर येतात. नाव वहीत लिहू नका, अशी विनंती करतात आणि आम्ही ती मानतो. एकटे राहणारे वृद्ध येतात. त्यांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहा 2000 रुपये मिळतात. त्यातून औषधे, वीज आणि बसभाडे गेल्यावर बाजारासाठी काय उरते, ते वेगळे सांगायला नको. वर्षानुवर्षे नारळ सोलून किंवा भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, त्यांचा ठसा रेशनच्या यंत्रावर उमटत नाही आणि त्या आजी रिकाम्या हाताने परत येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा वयाच्या मानाने खुजा आढळला. दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असलेल्या राज्याचा हा आकडा आहे.

मागणीला ऋतू असतो, हे बाहेरून लक्षात येत नाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. पर्यटनाचा हंगाम तोवर सरलेला असतो, किनारी भागातील शॅक (हंगामी उपाहारगृहे) उतरवलेले असतात आणि बांधकामे पावसाने अडतात. त्यातच शाळा सुरू होतात, वह्या-पुस्तके आणि रेनकोट घ्यावे लागतात, आणि मागोमाग चवथ (गणेश चतुर्थी) येते. गोमंतकीय घरात चवथीला गूळ-नारळ नसणे ही नुसती गैरसोय नसते, ती मनाला लागणारी गोष्ट असते. म्हणून जून ते सप्टेंबर हे आमचे सर्वांत कठीण महिने. देणग्या मात्र दिवाळी, नाताळ आणि मार्चअखेर या काळात येतात. तेव्हा आलेला पैसा जूनपर्यंत राखून ठेवावा, तर दारात उभ्या असलेल्या माणसाला जानेवारीत काय सांगायचे?

पैसा का आटला, याचीही कारणे मी वहीवरून सांगू शकते. नोकरदार माणसे मार्चमध्ये हजार, दोन हजार रुपये देत आणि आयकर सवलतीसाठी 80जीची पावती घेत. 2023-24 पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली, आणि तिच्यात ही वजावट मिळत नाही. देणाऱ्यांचे मन बदलले असे मी म्हणणार नाही, परंतु मार्चमध्ये आठवण करून देणारे निमित्त गेले. मोठ्या देणग्यांची अडचण निराळी आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ज्या कामांवर तो खर्च चालतो त्यांच्या अनुसूची 7 मधील यादीत भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांचे निर्मूलन अगदी आरंभी आहे, आणि कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. तरीही आम्ही एका कंपनीकडे गेलो असता, धान्य देऊ, पण गाळ्याचे भाडे, टेम्पोचे डिझेल आणि हिशेब ठेवणाऱ्या मुलीचा पगार देता येणार नाही, कारण प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, असे उत्तर मिळाले. ही मर्यादा कंपनीने सामाजिक दायित्वाचे काम सांभाळण्यासाठी स्वतः केलेल्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी लागणारा खर्च त्यात धरला जात नाही, असे 2021 च्या दुरुस्त नियमांतील व्याख्येतच म्हटले आहे. डाळीचे पोते आपण होऊन सावईवेऱ्याच्या किंवा शिरोड्याच्या घरी चालत जात नाही. गेल्या वर्षी आमचा टेम्पो दुरुस्तीअभावी तीन आठवडे उभा होता, आणि त्याच तीन आठवड्यांत दान आलेल्या कणकेला पावसाळी दमटपणामुळे पोरकिडे लागले. अन्न नव्हते म्हणून नव्हे, ते पोहोचवायला पैसा नव्हता म्हणून ते फेकावे लागले. त्या दिवसाचे दुःख अजून मनात आहे.

लग्नाच्या हॉलमधून आणि हॉटेलांतून उरलेले शिजवलेले अन्न घेऊन जा, असे निरोपही वारंवार येतात. त्यामागची भावना मी आदराने स्वीकारते. पण शिजवलेले अन्न घेण्यासाठी खाद्य सुरक्षा प्राधिकरणाच्या 2019 च्या नियमांप्रमाणे नोंदणी, नोंदवही आणि योग्य तापमानात ठेवण्याची सोय लागते. गोव्याच्या हवेत मे महिन्यात रात्री अकराला निरोप आलेली आमटी सकाळपर्यंत टिकत नाही. ज्यांना खरोखर द्यायचे आहे, त्यांनी कार्याच्या आदल्या दिवशी कळवावे, आम्ही भांडी घेऊन वेळेवर येऊ. आमच्या भागातील काही देवस्थानांत समाराधनेच्या वेळी शिल्लक राहणारा कोरडा शिधा आम्हाला मिळतो. तो सर्वांत उपयोगी पडतो, कारण तो चांगला असतो आणि टिकतो.

माझ्या विनंत्या थोड्या आहेत. पंचायतींनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्रभागात एक दिवस नागरी पुरवठा खात्याचे कर्मचारी बोलावून भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांच्या कार्डांची, अंगठ्याच्या अडचणींची आणि गावाकडच्या कार्डावर येथे धान्य मिळण्याची माहिती तेथल्या तेथे द्यावी. ज्यांना पंचांचे दाखले लागतात, त्यांना ते त्याच दिवशी मिळावेत. कंपन्यांनी आमच्यासारख्या लहान गटांना वर्षातून एकदा फोटोसाठी पोती देण्याऐवजी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे वाहन आणि भाडे उचलावे. आणि वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल, त्यांनी आपल्या गावात असे काम करणाऱ्या कोणालाही दरमहा 1 किलो डाळीची किंमत द्यावी. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा ही बारा महिने येणारी छोटी रक्कम आम्हाला अधिक आधार देते, कारण तिच्या भरवशावर पुढच्या महिन्याची खरेदी ठरवता येते.

आज मे महिन्याचा तिसरा शनिवार. गाळ्यात तांदळाची अकरा पोती आहेत आणि डाळीचे एक, तेही अर्धे. चवथीपर्यंत नाव घालून ठेवलेल्या कुटुंबांना आम्ही नाही म्हणणार नाही, असे ठरवले आहे. नवी नावे घ्यायची की नाहीत, हे पुढच्या शनिवारी ठरवायचे आहे.

आपली विश्वासू,
धान्य बँकेची एक कार्यकर्ती,
फोंडा, गोवा