मोजमाप नदीत व्हायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राची बातमी आली की त्यात दोन आकडे हमखास असतात: क्षमता किती दशलक्ष लिटरची आणि खर्च किती. प्रक्रिया केलेले पाणी ज्या नदीत सोडतात, तिचे पुढे काय झाले याविषयी मात्र एक ओळही नसते. मला हे फार खटकते, म्हणून हे पत्र.

क्षमता कागदावर कितीही असो, घराघरांतले मैलापाणी मलवाहिन्यांना जोडलेलेच नसेल तर ते नाल्यातून थेट नदीला मिळते आणि केंद्र अर्धवट चालत राहते. जे पाणी पोहोचते ते स्वच्छ करण्याचे काम टाकीतले जिवाणू करतात. त्यांना अखंड हवा लागते. केंद्राच्या वीजवापरातला साधारण निम्मा वाटा या हवेवरच जातो, त्यामुळे वीजबिलाची काटकसर सुरू झाली की पहिला घाला हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर पडतो. मैलापाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू तर फार सावकाश वाढतात. हवेअभावी किंवा एखाद्या कारखान्याने गुपचूप सोडलेल्या रसायनाने ते एकदा मेले, की घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे जातात.

मानकांचा इतिहासही लक्षात घेण्यासारखा आहे. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने 1912 मध्ये नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 20 मिलिग्रॅम आणि तरंगते घन पदार्थ 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. ती सुचवताना नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल हे गृहीत धरले होते. उन्हाळ्यात ज्या नदीचा प्रवाह म्हणजे केंद्रातून आलेले पाणीच, तिथे आठपट पाणी आणायचे कुठून? तिथे पाइपाच्या तोंडाशी निकष पाळले गेले, तरी नदीचा जीव वाचतोच असे नाही.

शिवाय बीओडीची नेहमीची चाचणी पाच दिवसांची. अमोनियाला पुढे लागणारा ऑक्सिजन तीत बहुतेक वेळा धरलाच जात नाही. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन खर्च होतो, आणि 30 अंश तापमानाच्या पाण्यात तो मुळात मावतोच लिटरला साडेसात मिलिग्रॅम. म्हणून मासे पाइपाशी न मरता पुष्कळदा बरेच खाली मरतात. सांडपाणी मिसळल्यावर ऑक्सिजन हळूहळू घटत जाऊन काही अंतरावर तळ गाठतो, हे स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 मध्येच गणिताने मांडले होते. तरीही नमुना घेतला जातो तो पाइपाजवळ, आणि तोही कार्यालयीन वेळेत! सांडपाण्यातल्या फॉस्फरसवर पोसलेले शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडते, रात्री स्वतःच वापरते. त्यामुळे दुपारी ठणठणीत दिसणारे पाणी पहाटे गुदमरलेले असू शकते.

केंद्रात दिवसरात्र पाळ्या करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. दुर्गंधीत, गाळात उभे राहून ते आपल्या सगळ्यांची घाण निस्तरतात. पण त्यांच्या कामाचे फळ नदीत मोजलेच नाही, तर केंद्राला काय कमी पडते हे त्यांनी तरी कोणत्या आधारावर सांगायचे?

नगरपालिकेकडे माझी मागणी साधी आहे. केंद्राच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला वेगवेगळ्या अंतरांवर निदान तीन ठिकाणी, पहाटेच्या वेळी, विद्राव्य ऑक्सिजन आणि अमोनिया मोजावा आणि आकडे जसेच्या तसे जाहीर करावेत. वीज गेल्यामुळे किंवा बिघाडामुळे किती तास मैलापाणी प्रक्रियेविना सोडले, तेही त्यासोबत यावे. आपल्याकडेही एक विनंती आहे. पावसाळ्यात धरणसाठ्याचा तक्ता आपण रोज छापता. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी त्या जागी नदीतल्या ऑक्सिजनचा तक्ता द्यावा.

आपला,
एक वाचक