हिरडीचं कलम जगवणाऱ्यांचे आभार

हिरडी उतरून दाताचं मूळ उघडं पडलं, किंवा दात काढल्यावर तिथला उंचवटा खचला, की टाळूखालची ऊती काढून तिथे बसवतात. नाव डॉक्टरांचं होतं. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हे कलम जगवणारे हात बरेच आहेत, आणि आम्ही दंतवैद्य त्यांचे ऋणी आहोत.

जेमतेम १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा तो तुकडा सलाईनने ओल्या गॉझमध्ये जपणाऱ्या, सक्शनची नळी टाक्यांना लागू न देणाऱ्या, शेवटी ओला गॉझ पाच मिनिटं नेटाने दाबून धरणाऱ्या दवाखान्यातल्या सहायक ताईंनो, मनापासून आभार. तो दाब कमी पडला तर कलमाखाली रक्त साकळतं, पोषण पोचत नाही आणि कलम मरतं.

घरच्यांनो, तुम्ही गार पेज नि मऊ भात दिलात, ओठ ओढून टाके बघू दिले नाहीत. दोन आठवडे त्या जागी ब्रश लावू न देता क्लोरहेक्सिडीन (जंतू मारणारं चूळ भरायचं औषध) फक्त तोंडात घोळवायला लावलंत. तंबाखूच्या मुलखात राहून रुग्णाच्या खिशातली पुडी काढून घेणाऱ्यांचे तर विशेष आभार. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, नव्या कलमाला तेच सोसत नाही.