बर्फ गेला, मीठ मात्र गाडीखालीच राहिलं

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवार पुरवणीत हिवाळा संपल्यावर गाडीची काळजी कशी घ्यायची यावर लेख आला होता. बर्फाळ देशांत राहून तुमचा पेपर ऑनलाइन वाचणारे आमच्यासारखे बरेच जण आहेत, त्यामुळे विषय घेतलात हे छानच केलंत. पण त्यात पॉलिश, वॅक्स, वायपर, टायर यांवर रकानेच्या रकाने आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या, गाडीच्या तळाला चिकटलेल्या मिठावर फक्त एक वाक्य, की ते पावसात आपोआप धुऊन जातं. हे काही पटलं नाही, म्हणून लिहितोय.

पाऊस वरून पडतो हो. तळाला जातं ते चाकांनी उडवलेलं रस्त्यावरचं पाणी, त्यात चिखलही असतो आणि उरलेलं मीठही. मडगार्डच्या आतल्या दुमडीत, दाराखालच्या पोकळ पट्टीत, सबफ्रेमच्या (इंजिन आणि चाकांचे भाग धरणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या) खाचेत जो चिखल साचून बसलाय तो अशा पाण्यानं नुसता ओला होतो, निघत नाही. आणि ओला होणं हेच तर वाईट, कारण कोरडं मीठ फारसं काही करत नाही, मीठ, पाणी आणि हवा एकत्र आले की पत्रा खायला सुरुवात होते.

लोकांना वाटतं हिवाळा गेला म्हणजे धोका गेला, खरं तर उलटं आहे. कडाक्याच्या थंडीत गंज अगदी हळू चढतो, ऊन पडायला लागलं, हवा उबदार झाली की त्याला वेग येतो. (म्हणूनच मिठानं माखलेली गाडी रोज रात्री गरम गॅरेजमध्ये लावणं हा लाड तिला महागात पडतो, बाहेर थंडीत ती जास्त सुखी असते.) त्यात रस्त्यावर आता नुसतं साधं मीठ नसतं. साधं मीठ साधारण उणे 9-10 अंशांच्या खाली नीट काम करत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, कधी पाण्यात विरघळवून बर्फ पडायच्या आधीच फवारून ठेवतात. हे दोन्ही क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे रस्ता वाळलेला दिसला तरी गाडीखालचा थर ओलसरच राहतो.

आता धुवायचं कसं. महागडं केमिकल लागत नाही, मीठ पाण्यात विरघळतं, साधं भरपूर गोडं पाणी पुरतं. काही जण बेकिंग सोडा घाला म्हणून सांगतात, पण सोडा आम्ल मारतो आणि मीठ काही आम्ल नाही, तेव्हा त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. व्हिनेगर तर मुळीच नको, ते स्वतःच आम्ल आहे. लॉनला पाणी देतो तो स्प्रिंकलर गाडीखाली सरकवायचा आणि थोड्या थोड्या वेळानं पुढून मागे हलवत राहायचा, हा उपाय दिसायला येडपट आहे पण काम चोख करतो. त्यानं चिखल मऊ पडला की मग पाइप किंवा प्रेशर वॉशर घेऊन चाकांच्या वरची पोकळी, मडगार्डची कड, स्प्रिंगच्या बैठका, सायलेन्सर टांगलेले हँगर, सगळं नीट धुऊन काढायचं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजली की दार आतून सडतं, ती काडीनं मोकळी करायची. प्रेशर वॉशर मात्र बेअरिंगचे सील, ॲक्सलच्या सांध्यांवरची रबरी आवरणं आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून मारू नका, इलेक्ट्रिक गाडीत जास्त दाबाच्या विजेच्या नारिंगी केबल दिसतील त्यांच्यापासून तर लांबच राहा. धुऊन झालं की एक चक्कर मारून ब्रेक वाळवायचे. ऑटोमॅटिक वॉशमध्ये जाणार असाल तर शेवटचं पाणी ताजं असतं का ते विचारा, काही ठिकाणी तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात आणि मग मिठाचं पाणी मिठाच्याच पाण्यानं धुतल्यासारखं होतं.

एवढा आटापिटा दिसण्यासाठी नाही, ब्रेकसाठी आहे. गाडीखालून जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप गंजून फुटले तर पेडल सरळ खाली जातं. अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकांच्या अशा तक्रारी इतक्या आल्या की तिथल्या वाहन सुरक्षा संस्थेनं चौकशी केली आणि 2015 मध्ये लोकांना जाहीर सल्ला दिला की गाडीचा तळ धूत जा आणि जुन्या गाड्यांचे ब्रेक पाइप तपासून घ्या. हल्लीच्या गाड्यांचा पत्रा गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला असतो त्यामुळे वरून गाडी नवीकोरी दिसते, तळाचं काय चाललंय ते कळतच नाही. म्हणून धुऊन वाळल्यावर टॉर्च घेऊन बघा, पाइपवर पापुद्रे सुटलेले दिसले तर खरवडत बसू नका, मेकॅनिककडे न्या.

आतला कार्पेट पण विसरू नका, बुटांबरोबर आलेलं मीठ त्यात मुरतं आणि फ्लोअरचा पत्रा आतून जातो. मॅट काढून कार्पेट ओल्या फडक्यानं टिपा आणि पूर्ण वाळू द्या.

तळाला गंज लागू नये म्हणून मारायच्या कोटिंगबद्दल लेखात चांगलं लिहिलं होतं, एकच भर घालतो. ते स्वच्छ आणि पूर्ण वाळलेल्या तळावरच मारायचं, तेलकट किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) असलं तर उत्तम. रबरासारखा जाड थर मिठावर बसला आणि त्याला चीर गेली तर ओलावा आत कोंडून राहतो आणि गंज झाकला जातो.

आणि हे सगळं करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. स्टँड लावा, नाहीतर वॉश सेंटरमध्ये तळ धुऊन घ्या. पत्र छापणार असाल तर लवकर छापा, उन्हाळा लागल्यावर छापून उपयोग नाही.

आपला,
एक नियमित वाचक