सईला, पहिला कॅमेरा घेण्याआधी

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मॉडेलांची नावं भराभर सांगत होतीस आणि मी नुसती ‘हं, हं’ करत होते. मला मत नव्हतं असं नाही. पण तुझ्या बोलण्यातला उत्साह मध्येच तोडावासा वाटला नाही. म्हणून आता सावकाश लिहायला बसले आहे. तू फेलोशिपमधून साठवलेले 30,000 आणि माझे 25,000, एवढे पैसे आपल्या हातात आहेत. ते खर्च करण्याआधी हे पत्र दोनदा वाच.

तू सुरुवात दुकानापासून केलीस. कोणाचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली चकती, मोठा, कोणाचे मेगापिक्सेल जास्त, कोणता कॅमेरा व्यावसायिक लोक वापरतात. मी म्हणेन, सुरुवात कास पठाराच्या कातळापासून कर. पुढची दोन वर्षं तू काय करणार आहेस? ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जांभ्यावर पोटावर पालथी पडून सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू या इवल्या रोपांचे फोटो काढणार आहेस. सेंटिमीटरभरही नसलेलं फूल, खाली पाण्याचा पातळ थर, वरून धुकं आणि वारा. त्या जागी तुझं डोकं कुठे असेल, कोपर कुठे टेकेल, डोळा कुठे पोचेल, याचा आधी विचार कर. तुझा कॅमेरा कोणता, हे तिथे ठरतं.

तू ज्या जुन्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर भाळली आहेस, तो कॅनन 6डी, कॅमेरा म्हणून उत्तमच आहे. पण त्याचा पडदा पाठीला पक्का बसवलेला आहे, बाहेर उघडून फिरत नाही. जमिनीपासून चार बोटांवर कॅमेरा ठेवलास की व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला गाल चिखलात टेकवावा लागेल. मी वीस वर्षं तसेच फोटो काढले, कारण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. मानेचं दुखणं तिथूनच लागलं. तुला ते नको.

आणि मोठ्या सेन्सरचा तुझ्या कामात फायदा नाही, उलट तोटाच आहे. मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायच्या लेन्सने, वस्तू सेन्सरवर जास्तीत जास्त तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते. फुल फ्रेमची चौकट 36 मिलिमीटर रुंद, कॅननच्या लहान सेन्सरची साधारण 22. आता 8 मिलिमीटरचं फूल दोन्हींत ठेवून बघ. मोठ्या चौकटीत ते चौथा हिस्साही व्यापत नाही, लहान चौकटीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त व्यापतं. दोन्हींकडे पिक्सेल जवळपास सारखेच, म्हणजे फुलाच्या वाट्याला लहान सेन्सरवर कितीतरी जास्त पिक्सेल येतात. लग्नाच्या हॉलमधल्या मिणमिणत्या उजेडात मोठा सेन्सर जिंकेल. पठारावर नाही.

म्हणून माझं मत कॅनन 200डी. 2017 साली आलेला, 24 मेगापिक्सेलचा, बॅटरीसकट अर्ध्या किलोच्या आतला. त्याचा पडदा बाजूला उघडून हवा तसा वळतो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे आतला आरसा वर उचलून थेट सेन्सरवरचं दृश्य पडद्यावर दिसतं तेव्हा, त्याचा फोकस झटकन बसतो. निकॉनच्या डी5600 चा पडदाही असाच वळतो आणि चित्र सुरेख येतं, पण लाइव्ह व्ह्यूवर त्याचा फोकस रेंगाळतो. वाऱ्यात डुलणाऱ्या देठापुढे तेवढी उसंत मिळत नाही. अर्थात अगदी जवळून घेताना ऑटोफोकस बंदच कर. पडद्यावर 10 पट मोठं करून हाताने फोकस लाव आणि कॅमेरा सगळाच केसभर मागेपुढे कर.

केसभर म्हणते ते खरोखर मोजून सांगते आहे. खऱ्या आकाराएवढा फोटो घेताना एफ 11 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करूनही, स्पष्ट दिसणारी जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. दवबिंदूच्या पानावरच्या एका केसाच्या टोकावरचा थेंब स्पष्ट येईल, मागचा धूसर होईल. जाडी वाढवायला छिद्र आणखी बारीक करून एफ 22 वर गेलीस तर सगळंच थोडं मऊ पडतं. तेव्हा फुलाची कोणती बाजू तुला दाखवायची आहे हे आधी ठरव आणि ती बाजू सेन्सरला समांतर ठेव. सीतेच्या आसवांची शुंडी, म्हणजे फुलाची टोकदार नळी, दाखवायची तर बाजूने, ओठावरची पांढरी खूण दाखवायची तर समोरून. ओळख पटवायला दोन्ही लागतात.

तू विचारशील, आता सगळे मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, चालले आहेत, मग मागचं का घ्यायचं? प्रश्न बरोबर आहे. 2018 पासून कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपला जोर हळूहळू मिररलेसवर वळवला. पण त्यामुळेच लोक चांगले डीएसएलआर, म्हणजे आरशाचे डिजिटल कॅमेरे, विकायला काढत आहेत, आणि आपल्यासारख्यांना ते परवडत आहेत. शिवाय कॅननच्या जुन्या लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून त्यांच्या नव्या मिररलेस बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, ऑटोफोकससकट चालतात. बॉडी पाच वर्षांनी बदलशील, लेन्स तुझ्याबरोबर राहील. म्हणून निम्म्याहून जास्त पैसे बॉडीत जाऊ देऊ नकोस.

लेन्स कोणती, यावर मी बरेच दिवस विचार केला. 60 मिमीची मॅक्रो हलकी आणि स्वस्त, पण खऱ्या आकाराएवढा फोटो घ्यायला तिचं तोंड फुलापासून जेमतेम 10 सेंटिमीटरवर न्यावं लागतं. लेन्सची सावली फुलावर पडते. आणि माझी खरी काळजी वेगळीच आहे. तेवढं जवळ जायचं तर शेजारच्या दहा-वीस रोपांवर कोपर टेकतं. पठारावर मातीचा थर किती पातळ असतो ते तुला ठाऊक आहे. एका माणसाच्या अंगाखाली चिरडलेला गेंदाचा गालिचा त्या हंगामात पुन्हा उठत नाही. मी फोटोसाठी वाकणाऱ्यांना हे करताना पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. म्हणून 100 मिमी घे. ती साधारण 15 सेंटिमीटर लांबून तेच काम करते, म्हणजे तुला उघड्या कातळावर राहून फूल गाठता येईल. कॅननची 100 मिमी मॅक्रो दोन प्रकारांत मिळते, त्यातली साधी घे. लाल पट्टीची महाग आहे, तिच्यात हाताची थरथर सावरण्याची सोय आहे, पण तू टेकूवर काम करणार आहेस.

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स, बॉडीबरोबर आली तर राहू दे, पठाराचं रुंद दृश्य घ्यायला उपयोगी पडेल. पहिला हंगाम फक्त तिच्यावर काढायची वेळ आलीच, तर एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे जवळून फोटो घेता यावा म्हणून बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसवायची नळी, घे, पण आत तारांची जोडणी असलेली. नुसत्या पोकळ ट्यूबमध्ये लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यावरून बंद करता येत नाही, ते सताड उघडंच राहतं.

आता सेकंडहँड घेताना काय बघायचं ते. पुण्यात स्टुडिओवाले लग्नांचा हंगाम संपला की जुन्या बॉडी काढतात. लग्नाचं काम केलेली बॉडी शक्यतो टाळ, एकेका लग्नात हजारो क्लिक झालेले असतात. या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण 1 लाख क्लिकचं धरतात. फाइलच्या नंबरावर विश्वास ठेवू नकोस, तो 9999 नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. लेन्स एफ 22 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ आणि पडद्यावर मोठा करून बघ. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तेवढे पैसे कमी करून माग. मग लेन्सवर टोपण लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर दे, चमकणारे रंगीत ठिपके फार असतील तर नमस्कार करून बाहेर पड. पडदा पूर्ण उघडून सगळ्या दिशांना फिरव, चित्र मध्येच जातं का बघ. फिरणाऱ्या पडद्याची बिजागरी हीच त्याची नाजूक जागा. पॉप-अप फ्लॅश, कार्डाचं झाकण, प्रत्येक बटण दाबून बघ. मूळ बिल माग आणि त्यावरचा नंबर कॅमेऱ्यावर असलेल्या नंबराशी ताडून घे.

नवीन घ्यायचं ठरलं आणि कुणी म्हणालं, ‘बिल नको असेल तर स्वस्तात देतो’, तर तिथून निघ. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांनी तसा कॅमेरा आणला होता. चार महिन्यांत बिघडला आणि वॉरंटीत दुरुस्त करून द्यायला कोणी तयार होईना.

लेन्स मात्र सगळ्यात जपून तपास. मागचं-पुढचं टोपण काढ, एका तोंडातून विजेरी मार आणि दुसऱ्या तोंडातून तिरकं बघ. धुळीचे दोन-चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा कापसासारखा पुंजका दिसला तर ती बुरशी आहे. किती का स्वस्त असेना, घेऊ नकोस.

हे इतक्या ठासून का सांगते, ते तुला कधी बोलले नाही. माझा जुना एसएलआर मी एका पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवला होता. जपायचा म्हणूनच. चामड्याने ओल धरली. त्या वर्षी पठारावर टोपली कारवी फुलली, 7 वर्षांनी. मी दोन रोल काढले, 72 फोटो, आणि धुऊन आले तेव्हा सगळ्यांवर दुधाळ पापुद्रा. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता. कारागिराने साफ केली, पण व्रण गेले नाहीत. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, पुढचा फुलोरा आला तेव्हा सहावीत. त्या 72 फोटोंपैकी एकात तू कारवीच्या टोपल्यांमध्ये उभी आहेस, निळ्या फ्रॉकमध्ये. चेहरा ओळखू येत नाही.

म्हणून चामड्याची पिशवी नको, कापडी फोमचीसुद्धा घरात ठेवायला नको. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेल टाक आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेव. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असू दे. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर परतून कोरडं कर, तो तवा पोळ्यांना वापरू नकोस. पठारावरून आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात कोंडू नकोस. आधी पुसून पंख्याखाली ठेव. ही बॉडी पाण्यापासून सुरक्षित केलेली नाही, तेव्हा सर आली की कॅमेरा आधी झाक, स्वतःला नंतर.

एक जास्तीची बॅटरी घेशीलच. लाइव्ह व्ह्यूवर बॅटरी फार लवकर संपते, 200डीची एका चार्जवर अडीचशे-तीनशे फोटोंपुढे जाणार नाही. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरवरची कच्ची नोंद तशीच ठेवणाऱ्या फाइलमध्येच, काढ. आमच्या फिल्मवर निळी-जांभळी फुलं गुलाबीकडे झुकायची, आणि स्लाइड दाखवताना मला दरवेळी तोंडाने खरा रंग सांगावा लागायचा. तुला तो नंतर दुरुस्त करता येईल, पण दर जागी एक फोटो करड्या कार्डाचा घे, म्हणजे दुरुस्ती आठवणीवर अवलंबून राहणार नाही.

तिपाई मात्र घेऊ नकोस. इतक्या खाली तिचा उपयोग नसतो. मी जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी शिवते आहे. आत प्लास्टिकच्या पिशवीत बाजरी भरणार आहे, म्हणजे ओल लागणार नाही. तिच्यावर लेन्स टेकव, ती कातळाच्या खाचेत बरोबर बसते.

शनिवारी बघायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, दादाला बरोबर घे. त्याला यातलं काही कळत नाही, पण भाव करायला तो बरा. माझी खिशातली विजेरी त्याच्याकडे दिली आहे, सेल नवे घातले आहेत.

तुझी,
आई