मेंदूच्या केशवाहिन्या पाहण्यासाठी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप हवा आहे : कोल्हापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या विज्ञान मंडळाच्या छोट्या प्रयोगशाळेत दर रविवारी अकरावी-बारावीची आणि बी.एस्सी.ची मुले पेशीविज्ञानाचे प्रयोग करतात. यंदा त्यांनी मेंदूच्या केशवाहिन्यांचा, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा, विषय हाती घेतला आणि साध्या मायक्रोस्कोपवर तो जेथवर नेता येतो तेथवर नेऊन दाखवला. आता पुढची वाट फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपशिवाय, म्हणजे खास रंग प्रकाशात उजळवून दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपशिवाय, बंद आहे, म्हणून आम्ही आपल्या दारी आलो आहोत.

सर्दी-शिंकांवरची जुन्या धाटणीची गोळी घेतली की डोळ्यांवर झापड येते आणि नव्या गोळ्यांनी ती सहसा येत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. जुने औषध रक्तातून मेंदूत सहज उतरते. नवे औषध केशवाहिनीच्या भिंतीपाशीच बहुतांशी अडते आणि जे थोडे आत शिरते, त्यातलेही बरेचसे त्या भिंतीतले प्रथिनांचे पंप पुन्हा रक्तात ढकलतात. डॉक्टर ज्याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात, ती हीच भिंत. कंपवाताच्या रुग्णाला मेंदूत डोपामीन हे संदेश पोहोचवणारे रसायन कमी पडते, पण डोपामीन दिले तर ते ही भिंत ओलांडत नाही. म्हणून अमिनो आम्लांसाठी असलेल्या वाटेने आत जाणारे लेव्होडोपा द्यावे लागते आणि त्याचे डोपामीन मेंदूत गेल्यावर होते.

या भिंतीचा सुगावा रंगांमुळे लागला. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू जवळजवळ कोराच राहिला. मेंदूलाच त्या रंगाची ओढ नसावी, असा तर्क त्यांनी केला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये ट्रिपान ब्लू हा रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला आणि शरीर कोरे राहिले. गुरूचा तर्क शिष्याच्या एका उलट प्रयोगाने मागे पडला. ही गोष्ट सांगितली की मुले हमखास गप्प होतात आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो. भिंत नेमकी कोठे आहे, हे मात्र १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवले : केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून प्रथिनाला वाट मिळत नाही.

आमची मुले जे करतात ते असे. पहाटे मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा ताजा भेजा बर्फात घालून आणायचा. दुकानदार मामा आता रविवारी न सांगता तो बाजूला काढून ठेवतात. वरची पातळ आवरणे चिमट्याने सोलायची, करडा भाग थंड द्रावणात काचेच्या खलात हलक्या हाताने घोटायचा आणि डेक्स्ट्रान या शर्करेच्या लांब साखळीच्या दाट द्रावणात मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवायचा. चेतातंतूंवरचे चरबीदार आवरण, म्हणजे मायलिन, वर तरंगते आणि केशवाहिन्या तळाशी बसतात. तो साका नायलॉनच्या बारीक जाळीवर धुतला की काचपट्टीवर फांद्या फुटलेले तलम धागे दिसतात, काहींच्या आत तांबड्या पेशी अजून ओळीने अडकलेल्या असतात. या भिंतीत अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर भरपूर असल्याने योग्य रसायन घातल्यावर धागे निळे-जांभळे होतात. यासाठी आम्ही एकाही जिवंत प्राण्यावर प्रयोग करत नाही आणि करणारही नाही.

पण पेशींची शिवण यात दिसत नाही. त्यासाठी शिवणीतल्या क्लॉडिन-५ या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड फ्लुरोसिनसारख्या रंगाला जोडून वापरावे लागते. त्यावर निळा प्रकाश टाकला की रंग हिरवा प्रकाश परत देतो. मायक्रोस्कोपमधला गाळणीचा संच निळा अडवून फक्त हिरवा डोळ्यापर्यंत पोहोचू देतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर पेशींच्या कडा रेषेसारख्या उजळतात. जिवंत मेंदूत खोलवर पाहणारा टू-फोटॉन मायक्रोस्कोप, जो १९९० मध्ये प्रथम पुढे आला, तो मोठ्या संस्थांचे काम आहे. आमची मागणी तेवढी नाही. आमच्या प्रयोगशाळेतून नवे औषध निघेल, असेही आम्ही सांगत नाही. पुस्तकात एका ओळीत संपणारी ही भिंत कोल्हापूरच्या मुलांनी स्वतःच्या हाताने तयार केलेल्या काचपट्टीवर पाहावी, एवढीच आमची मनापासूनची इच्छा आहे.

चांगल्या स्थितीतला एक वापरलेला फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप २,४०,००० रुपयांना मिळतो आहे. प्रतिपिंडे, रंग आणि ओलाव्यापासून भिंगे जपणारे कपाट यांसाठी आणखी ६०,००० रुपये लागतील. कपाटाचा खर्च कोणी अनावश्यक समजू नये : गेल्या पावसाळ्यात आमच्या ४० पटीच्या भिंगावर बुरशीचे जाळे चढले आणि ते भिंग कायमचे गेले. सभासदांनी ७५,००० रुपये जमवले आहेत. उरलेले २,२५,००० रुपये आपल्याकडून हवे आहेत. शंभर रुपयांची देणगीही आम्ही तितक्याच आदराने स्वीकारू.

पैशांइतकीच हातांचीही गरज आहे. या यंत्रातला पाऱ्याचा दिवा सुमारे २०० तासांत बदलावा लागतो आणि तो महाग असतो, म्हणून त्याजागी निळा एलईडी बसवायचा आहे. त्यासाठी ॲल्युमिनियमचे घर, उष्णता काढून घेणाऱ्या पात्या आणि मायक्रोस्कोपच्या तोंडाशी अचूक बसणारा अडॅप्टर लेथवर काढून हवा आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखानदारांनी आणि कारागिरांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी खास विनंती आहे. इतके बारीक माप राखणारे हात शोधायला गावाबाहेर जायची गरज नाही. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडे जुनी भिंगे, काचपट्ट्या किंवा वापरात नसलेला सेंट्रिफ्यूज पडून असेल, तर तोही आम्हाला उपयोगी पडेल.

रामन यांच्या प्रकाशावरील शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळला जातो. त्या दिवशी सर्व देणगीदारांना पहिली काचपट्टी दाखवण्याचा आमचा संकल्प आहे. देणगीची पावती जागेवर मिळेल आणि जमाखर्च दरमहा प्रयोगशाळेच्या दारावर लावला जाईल. रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत प्रयोगशाळा उघडी असते. देणगी देण्याआधी आपण येऊन मुलांचे काम पाहावे.

आपले नम्र,
विज्ञान मंडळाचे सर्व कार्यकर्ते, कोल्हापूर